ठोकलेली किट कार पुन्हा विम्यात कशी आणायची

इंग्लंडमध्ये किट कार, म्हणजे सुटे भाग आणून स्वतः बांधलेली गाडी, चालवणारे मराठी लोक थोडे आहेत, पण आहेत, आणि त्यांच्यातल्या कुणाची गाडी ठोकली गेली की फोन बहुतेक वेळा माझ्याकडे येतो. मी मूळची कोल्हापूरची, आता कोव्हेंट्रीत राहते. आण्णांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप, त्यामुळे लोखंडाची भीती कधी वाटली नाही. लोटस सेव्हन या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या घाटणीची दोन सीटची गाडी मी इथल्या गॅरेजमध्ये बांधली आणि रीतसर पासिंग करून रस्त्यावर आणली. पुढे डावीकडच्या फाट्यावरून न बघता निघालेल्या एका हॅचबॅकने तिचा पुढचा डावा कोपरा आत घातला. गाडी आज पुन्हा रस्त्यावर आहे, विम्यासकट. दुरुस्ती वेळखाऊ असते, पण तिचा मार्ग दिसत असतो. विम्याचं तसं नसतं. तो मिळणार की नाही हे बरंचसं पहिल्या काही दिवसांत तुम्ही काय जपून ठेवता त्यावर ठरतं.

फोनवर सगळे आधी विचारतात, "चॅसी सरळ होईल का?" चॅसीचं, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचं, नंतर. या गाड्यांना बहुधा एअरबॅग नसते, पुढे चेपून धक्का पिणारा भागही नावापुरताच. धक्का थेट सीटच्या पट्ट्यावर आणि पट्ट्यातून शरीरावर येतो. गाडी थांबली की इग्निशन बंद करा आणि बॅटरीचा कट-ऑफ फिरवा, म्हणजे पेट्रोलचा पंपही थांबतो. सेव्हनच्या घाटणीत टाकी सीटच्या मागेच असते. पेट्रोलचा वास आला तर बाहेर पडा आणि लांब जा. वास नसेल, पण मान दुखत असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील तर हलू नका, ९९९ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावा. मदतीला येणाऱ्यांना दोन गोष्टी ओरडून सांगा: गाडीत एअरबॅग नाही, आणि हार्नेसचं मधलं बक्कल फिरवलं की सगळे पट्टे एकदम सुटतात. त्यांनी अशी गाडी पाहिलेली असेलच असं नाही.

चार किंवा सहा पट्ट्यांचा हार्नेस जीव वाचवतो आणि वळही उठवतो. खांद्यावरचे वळ बरे होतात. पण पोटावर वळ असेल आणि दुसऱ्या दिवशी पोट दुखायला लागलं, तर थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. उलट्या, गुंगी, बोलण्यात गोंधळ दिसला तरीही तेच. काय करावं कळत नसेल तर १११ या आरोग्य सल्ल्याच्या नंबरला फोन करा. आपल्याकडे "काही नाही, थोडं लागलंय" म्हणून उठून उभं राहायची सवय आहे, ती इथे सोडा. जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नोंद झाली नसेल तर पुढे दुखापतीचा दावा सिद्ध करणं फार अवघड जातं. डोक्याला जबर मार असेल तर गाडी पुन्हा चालवण्याआधी डीव्हीएलएला, म्हणजे लायसन्स आणि गाड्यांची नोंदणी बघणाऱ्या सरकारी कार्यालयाला, कळवावं लागतं. हे लपवलं तर नवा विमाही धोक्यात येतो.

कायद्याचं थोडक्यात. १९८८ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टप्रमाणे थांबणं, नाव-पत्ता आणि गाडीचा नंबर देणं बंधनकारक आहे. ते जागेवर झालं नाही, किंवा कुणाला इजा झाली आणि विम्याचं प्रमाणपत्र दाखवता आलं नाही, तर २४ तासांच्या आत पोलिसांना कळवायचं. समोरचा माणूस "आपसात मिटवू" म्हणाला तरी आपल्या विमा कंपनीला कळवा. बहुतेक पॉलिसींची तशी अट असते, दावा करायचा नसला तरी.

आता फोटो. गाडी हलवण्याआधी काढा. चाकं कुठल्या दिशेला वळली आहेत, टायरच्या खुणा कुठून कुठे गेल्या आहेत, फाट्याचं तोंड कुठे आहे, नोजकोनचे, म्हणजे गाडीच्या नाकाच्या कव्हरचे, तुकडे कुठे पडले आहेत. मग टोइंगवाला येईल. त्याच्याशी नीट बोला, कारण साध्या गाडीचे हूक तो इथे लावायला गेला तर विशबोनलाच, म्हणजे चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्यालाच, लावेल, आणि विंच फिरताच धडकेत वाचलेला विशबोनही वाकेल. मग कुठला बाक धडकेचा आणि कुठला हूकचा हे कुणालाच सांगता येणार नाही. गाडी फ्लॅटबेडवरच चढवा, दोरी चाकांना बांधायला सांगा. शक्य असेल तर गाडी घरीच आणा आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरला घरी बोलवा. भंगाराच्या यार्डात गेलेल्या किट कारचे सुटे भाग परत येतातच असं नाही.

दावा करताना एक फरक कळला पाहिजे. किट कारची पॉलिसी बऱ्याचदा आधी ठरवलेल्या किमतीवर असते, फोटो आणि पावत्या पाहून कंपनीने ती मान्य केलेली असते. ती किंमत तुमच्या आणि तुमच्या कंपनीच्या करारातली. समोरच्याची चूक आहे म्हणून तुम्ही थेट त्याच्या कंपनीकडे गेलात, तर ती कंपनी त्या किमतीला बांधील नाही, ती बाजारभाव धरते. आणि हाताने बांधलेल्या गाडीचा बाजारभाव काढताना प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो. माझ्या बाबतीत समोरच्या बाजूकडून आलेला आकडा इंजिन आणि गिअरबॉक्सच्या पावत्यांपेक्षाही कमी होता. मी आपल्याच पॉलिसीवर दावा केला आणि वसुलीचं काम माझ्या कंपनीवर सोडलं. अपघातानंतर "आम्ही सगळं बघतो, वर भाड्याची गाडी देतो" असे फोन येतात, त्यांच्या कागदांवर सही करण्याआधी आपल्या कंपनीला विचारा.

ऑक्टोबर २०१७ पासून इथे विमा कंपनीने मोडीत काढलेल्या गाड्यांचे चार वर्ग आहेत. ए म्हणजे सगळंच चिरडायचं. बी म्हणजे सांगाडा चिरडायचा, सुटे भाग वापरता येतात. एस म्हणजे सांगाड्याला इजा आहे पण दुरुस्ती होऊ शकते. एन म्हणजे सांगाडा शाबूत. आपल्या गाड्यांच्या स्पेसफ्रेमचा, म्हणजे पाइप जोडून केलेल्या सांगाड्याचा, पुढचा कोपरा वाकला की बहुधा एस लागतो, आणि त्यात काही वावगं नाही. घाबरायचं ते बी ला. पत्र्याच्या मोनोकॉक गाड्या, म्हणजे बॉडी हाच सांगाडा असलेल्या साध्या गाड्या, बघण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला स्पेसफ्रेमचा एक कोपरा कापून नवा जोडता येतो, किंवा निर्मात्याकडून अख्खी नवी चॅसी मिळते, हे ठाऊक असेलच असं नाही. म्हणून वर्ग ठरायच्या आत निर्मात्याकडून दुरुस्तीचा लेखी अंदाज आणून सर्व्हेअरच्या हातात द्या. गाडी स्वतःकडे ठेवायची, म्हणजे कंपनीकडून परत विकत घ्यायची आहे हेही रक्कम मान्य करण्याआधीच लिहून कळवा, त्याचे पैसे भरपाईतून वळते होतात. वर्ग किंवा रक्कम पटली नाही तर लेखी तक्रार करा. कंपनीला उत्तरासाठी आठ आठवडे मिळतात, त्यानंतर फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येतं, आणि ग्राहकाला ते फुकट आहे. अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांच्या आत मात्र जायला हवं.

वर्ग एस असेल तर लॉगबुक, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा व्ही५सी कागद, कंपनीकडे जातं. गाडी ठेवणार असाल तर व्ही६२ फॉर्म भरून नवं मागवा, ते फुकट मिळतं. पूर्ण भरपाई दिली की पॉलिसी बहुधा तिथेच संपते आणि उरलेल्या हप्त्याचे पैसे परत मिळत नाहीत. त्या दिवशीच गाडी सॉर्न करा, म्हणजे ती रस्त्यावर नाही असं डीव्हीएलएला कळवा. २०११ पासून इथे विमा नाही आणि सॉर्नही नाही अशी गाडी नुसती दारात उभी असली तरी दंडाचं पत्र येतं. दुरुस्ती चालू असताना आग आणि चोरी यापुरता स्वस्त विमा मिळतो, तो घ्या. विम्यात खंड पडला नाही तर पुढे प्रश्न कमी होतात. नो क्लेम बोनस वापरला नाही तर साधारण दोन वर्षांत वाया जातो, तेही लक्षात ठेवा.

दुरुस्तीबद्दल मी लांबण लावणार आहे, कारण नव्या विम्याचा पाया हाच आहे. मी खालच्या विशबोनच्या ब्रॅकेटपाशी फोन धरून आण्णांना व्हिडिओवर गाडी दाखवत होते. पावडर कोटिंग कुठेही उडालेलं नव्हतं, म्हणून मला ती बाजू ठीक वाटत होती. आण्णा म्हणाले, "रंग काय दाखवतीस मला? जोडापाशी खरवड." खरवडून स्वच्छ केलं, डाय पेनेट्रंट, म्हणजे बारीक तडे दाखवणारा रंग, मारलं. लाल रंग काही वेळ मुरू दिला, कोरड्या फडक्याने पुसला, वरून पांढरा डेव्हलपर फवारला. वेल्डच्या कडेने नखाएवढी लाल रेघ उमटली. पावडर कोटिंग लवचिक असतं. खालचं लोखंड तडकलं तरी ते ताणून तसंच राहतं. म्हणून ठोकलेल्या कोपऱ्यातलाच नाही, तर त्याच्या समोरचा आणि कर्णावरचाही प्रत्येक जोड खरवडून तपासा. धक्का पाइपांमधून कुठवर गेला हे डोळ्यांना कळत नाही.

विशबोन, रॉड एंड, स्टिअरिंगचा रॅक आणि कॉलम यांतलं काहीही सरळ करून परत लावू नका, नवं घ्या. हार्नेसही नवाच. ताणला गेलेला पट्टा दिसायला चांगला दिसतो, पण पुढच्या धडकेत तो तसा धरणार नाही. हेल्मेट असेल तर तेही. सीटचे आणि रोल बारचे बोल्ट बदला. चॅसी नवी घेणार असाल तर तिच्या नंबरचं आणि नोंदणीचं काय होणार हे ऑर्डर देण्याआधी डीव्हीएलएला लेखी विचारा, नाहीतर पासिंगची परीक्षा पुन्हा द्यावी लागू शकते. ही परीक्षा १९९८ पासून एसव्हीए नावाने होती, २००९ पासून आयव्हीए झाली. आपल्याकडे घरी बांधलेल्या गाडीला आरटीओत पासिंग मिळणं जवळपास अशक्य, इथे मिळतं, म्हणून तो कागद जिवापाड जपायचा.

काम झालं की चारही चाकांचं अलाइनमेंट करून छापील कागद घ्या. मग स्वतंत्र इंजिनिअर असेसरकडून गाडी तपासून लेखी अहवाल घ्या. एस वर्गातल्या गाडीला कायद्याने तो लागत नाही, पण विमा देणारे तो मागतात, आणि मागितला नाही तरी तो दाखवला की बोलण्याचा सूर बदलतो. कामाचे फोटो तारखेसकट ठेवा: कापलेला पाइप, नवा जोड, रंगाआधीचा वेल्ड.

आता विमा. किमती तुलना करणाऱ्या वेबसाइटवर वेळ घालवू नका, त्यांच्या यादीत तुमची गाडी नसते. किट कारचं काम करणाऱ्या ब्रोकरला फोन करा. ब्रिटिश इन्शुरन्स ब्रोकर्स असोसिएशनकडून असे ब्रोकर शोधता येतात, आणि सेव्हनवाल्यांच्या क्लबांमधले लोक अनुभवावरून नावं सांगतात. क्लबच्या सभासदत्वावर सूटही मिळते. फोन करण्याआधी क्लेम्स अँड अंडररायटिंग एक्स्चेंजकडून, म्हणजे विमा कंपन्यांच्या दाव्यांच्या सामाईक नोंदवहीतून, तुमच्या नावावरची नोंद मागवा, ती फुकट मिळते. समोरच्याची चूक असली तरी पैसे पूर्ण वसूल होईपर्यंत दावा उघडा राहतो आणि तोवर तो तुमच्याच नावावर मोजला जातो. दावा मिटला आणि चूक तुमची नव्हती हे जुन्या कंपनीकडून लेखी घ्या.

ब्रोकर विचारेल: गाडी कुणी बांधली, इंजिन कुठलं, ताकद किती, रात्री कुठे उभी असते, वर्षाला किती मैल, रोजची दुसरी गाडी आहे का. शेवटच्या प्रश्नाला "हो" असेल तर फार फरक पडतो. मग अपघात विचारेल, साधारण गेल्या पाच वर्षांतले, चूक कुणाचीही असो. सगळं सांगा. गाडी एस वर्गातली आहे हे त्याने विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा. २०१२ च्या ग्राहक विमा कायद्याने विचारलेल्या प्रश्नांना काळजीपूर्वक खरं उत्तर देणं तुमच्यावर आहे, आणि चुकीच्या उत्तरावर मिळालेली पॉलिसी दाव्याच्या दिवशी हातातून जाऊ शकते. तसंच, जुनी कंपनी पुढे विमा द्यायला नाखूष दिसली तर तिने पॉलिसी रद्द करण्याआधी स्वतः रद्द करू देण्याची विनंती करा. "कुठल्या कंपनीने तुमचा विमा रद्द केला आहे का?" हा प्रश्न पुढे प्रत्येक फॉर्मवर येतो.

भारतातून नुकते आलेल्यांसाठी वेगळं सांगते. भारतीय लायसन्सवर इथे १२ महिनेच चालवता येतं, आणि भारतातला नो क्लेम बोनस बहुतेक कंपन्या धरत नाहीत. किट कारचे विमेवाले बऱ्याचदा इथल्या लायसन्सची काही वर्षं मागतात. ती भरेपर्यंत साधी गाडी आपल्या नावावर विम्यात ठेवा.

मला काही ठिकाणी सरळ नकार आला. ज्या ब्रोकरने काम केलं त्याने फोनवर भाव सांगितलाच नाही, सगळे कागद मागितले: आयव्हीएचा दाखला, लॉगबुक, बांधणीचे आणि दुरुस्तीचे फोटो, पावत्या, असेसरचा अहवाल, अलाइनमेंटचा कागद. ते घेऊन तो अंडररायटरशी, म्हणजे कंपनीत विमा द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्याशी, स्वतः बोलला. हप्ता पूर्वीपेक्षा जास्त आला, स्वेच्छा एक्सेसही, म्हणजे दाव्यात स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, वाढवावा लागला आणि मैलांची मर्यादा खाली आली. पण ठरवलेली किंमत कायम राहिली, आणि माझ्यासाठी तेच महत्त्वाचं होतं.

पॉलिसी आली की शेड्यूल, म्हणजे तिच्यातला तपशिलाचा कागद, ओळीने वाचा. ठरवलेली किंमत लिहिली आहे का, इंजिनचे बदल नोंदवले आहेत का, एस वर्गाचा उल्लेख आहे का. काही दिवसांनी विमा असलेल्या गाड्यांच्या देशभरच्या नोंदीत आपला नंबर दिसतो का तपासा. एमओटीची, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीची, मुदत संपली असेल तर आधी ती करून घ्या. सॉर्न असलेली गाडी ठरलेल्या एमओटीला रस्त्याने नेता येते, पण विमा चालू असेल तरच, नाहीतर ट्रेलरवर. मग टॅक्स भरा. टॅक्स भरला की सॉर्न आपोआप उठतो, वेगळा अर्ज लागत नाही.