सिंक तुंबलंय? आधी बादली घ्या

दिवाळीत आमचं सिंक हमखास तुंबतं. शंकरपाळीची डालडा लागलेली कढई तशीच विसळली की तूप पाइपात थिजतं, त्यावर चहाचा चोथा आणि भाताची शितं बसतात.

आधी पाणी मगाने उपसा, पण रबरी पंपाचं तोंड बुडेल इतकं राहू द्या. सिंकला वरच्या बाजूला जादा पाण्याचं भोक असेल तर त्यात ओलं फडकं कोंबा, नाहीतर दाब तिथूनच निसटतो. मग 15-20 वेळा दणकून पंप मारा.

नाहीच उतरलं तर खाली बादली ठेवून पाइपातला बाटलीसारखा भाग, म्हणजे ट्रॅप, हाताने फिरवून उघडा. नाक धरा! गेल्या वर्षी आमच्या ट्रॅपमधून हरवलेला लोणच्याचा चमचा निघाला. आतला गाळ जुन्या टूथब्रशने घासा. परत लावताना वॉशर सरळ बसवा. मी एकदा तिरका बसवला आणि रात्रभर टपटप ऐकली.

बाथरूमच्या जाळीत बहुधा केसच असतात, वाकवलेल्या तारेने ओढा. पीव्हीसी पाइपात उकळतं पाणी नको, गरम चालेल. अ‍ॅसिड तर नकोच. आधी तुंबलेलं मोकळं करायची पावडर टाकली असेल तर धोका आणखी वाढतो.

कढई आता मी आधी वर्तमानपत्राने पुसते.