उडू न शकणाऱ्या कबुतरांसाठी कायमचं घर कसं उभारावं

जखमी कबुतराला उचलून आणणारे बरेच भेटतात. अडचण येते ती जखम भरल्यावर. पंख तर वाकडाच जुळलाय, मग पुढे काय? मोकळं कबूतर साधारण ३ ते ५ वर्षं जगतं, पण नीट सांभाळलेलं १५ वर्षांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त जगू शकतं. हा एवढा काळ त्याला खोक्यात किंवा पोपटाच्या पिंजऱ्यात काढायला लावणं म्हणजे त्याला वाचवणं नव्हे. त्याला हक्काची ढाबळ हवी आणि सोबतीला दुसरी कबुतरं हवीत.

आधी ठरवा: हे खरंच कायमचं राहणार आहे का?

पक्ष्यांच्या डॉक्टरांकडून तपासणी आणि पंखाचा एक्स-रे झाल्याशिवाय हा निर्णय घेऊ नका. दोरा किंवा केस गुंडाळून बोटं झडलेली कबुतरं थव्यात मजेत जगतात. उडता येत असेल, स्वतःचं दाणापाणी शोधता येत असेल तर त्यांना सोडायलाच हवं. सांधा आखडलेला किंवा कापलेला पंख, दोन्ही डोळ्यांचं अंधत्व, न सुटणारी मानेची पिळवटण, ही ठेवून घेण्याची कारणं. आणि एखादं सतत वेदनेत असेल, त्याला स्वतःहून खाताच येत नसेल, तर त्याला शांतपणे जाऊ द्यावं का, हेही डॉक्टरांना विचारा. हा प्रश्न टाळल्याने त्रास त्या पाखरालाच होतो.

नवं कबूतर थेट कळपात सोडू नका

किमान ४ आठवडे वेगळं ठेवा. मान पिळवटलेली असेल, दाण्यावर चोच मारताना नेम चुकत असेल, गोल गोल फिरत असेल आणि शीट पाण्यासारखी होत असेल तर पीएमव्ही (पॅरामिक्सोव्हायरस) या विषाणूचा संशय घ्या. अशा वेळी ६ आठवडे तरी वेगळं ठेवा, भांडी आणि कपडेसुद्धा वेगळे. हा आजार कबुतरांत झपाट्याने पसरतो, पण खाऊ घालत धीर धरला तर बरीच कबुतरं त्यातून उठतात. काहींची मान घाबरल्यावर पुन्हा वळते, तेवढं आयुष्यभर राहतं. कळपाला याची लस देता येते, डॉक्टरांशी बोलून घ्या. तोंडात पिवळट, चीजसारखा थर दिसला तर तो कँकर, म्हणजे परजीवीमुळे होणारा तोंड-घशाचा आजार. त्यावर औषध आहे, पण उशीर नको. मांजराने धरलेलं कबूतर मात्र वरून ठणठणीत दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. दाताची बारीकशी जखमही प्रतिजैविकाशिवाय जिवावर बेतते.

घर सर्वांत दुबळ्या कबुतराच्या मापाने बांधा

बहुतेक जण इथेच चुकतात. ढाबळ उंच बांधतात, वर फळ्या लावतात आणि एकपंखी कबूतर खाली कोपऱ्यात बसून राहतं. उंच बसणं हा कबुतराचा स्वभाव, त्यामुळे ते चढायचा प्रयत्न करणारच. पडताना तोल सावरायला दोन पंख नसतात, म्हणून छातीचं मधलं हाड थेट जमिनीवर आपटतं. कितीतरी वेळा तिथली कातडी फाटलेली असते आणि पिसांखाली ते दिसतही नाही. म्हणून उंचीपेक्षा जमिनीची जागा मोठी ठेवा. बसायच्या जागा वीतभर उंच असाव्यात. आडवी ठेवलेली वीटसुद्धा चालते. त्याहून वर जायचं असेल तर कमी चढाची, आडव्या पट्ट्या ठोकलेली उतरण लावा आणि खाली मऊ अंथरा. बसायला गोल दांडी नको, सपाट फळी हवी. एका पायावर सगळा भार घेणाऱ्याच्या तळव्याला फोड येतात, त्याच्या फळीवर जुना टॉवेल किंवा गालिच्याचा तुकडा घाला आणि तो धुऊन बदलत राहा.

जाळी जाड तारेची आणि साधारण १ सेंटिमीटर भोकांची घ्या. कोंबड्यांची पातळ जाळी मांजर फाडतं आणि तिच्यातून उंदीर आत शिरतो. हल्ले बहुतेक रात्री होतात. अंधारात कबुतराला नीट दिसत नाही आणि तुमच्याकडच्याला उडूनही जाता येत नाही. म्हणून जाळी जमिनीखाली वाकवून बाहेरच्या बाजूला पसरवा आणि दाराला दुहेरी झडप ठेवा. एक भाग छताखाली कोरडा हवा, दुसऱ्या भागात थेट ऊन यायला हवं. उन्हावाचून हाडं ठिसूळ होतात.

आंधळं कबूतर असेल तर भांड्यांची जागा कधीही बदलू नका. आत जाताना बोलत जा.

दाणापाणी

गहू, ज्वारी, बाजरी, मका, वाटाणा असं मिश्र धान्य द्या. एका कबुतराला दिवसाला साधारण ३० ग्रॅम पुरतं. पाव, बिस्किटं नकोत. बारीक खडे आणि शिंपल्यांचा चुरा कायम समोर असू द्या. कबूतर चोच पाण्यात बुडवून ओढून पितं, म्हणून भांड्यात ३ सेंटिमीटर तरी पाणी हवं. मान वाकडी असलेल्याला पसरट ताटलीतला दाणा सापडत नाही. त्याला खोल वाडगा धान्याने भरून द्या, म्हणजे नेम चुकला तरी चोच दाण्यातच जाते. पण अशा पाखराला आंघोळीच्या पाण्यात एकटं सोडू नका, ते बुडू शकतं.

जोड्या आणि अंडी

कबूतर जोडीने राहतं आणि अपंगत्व त्याच्या आड येत नाही. अंडी होणारच, सहसा दोन. नुसती उचलली तर मादी लगेच पुन्हा घालते आणि तिच्या अंगातलं कॅल्शियम संपतं. म्हणून अंडं घातल्या-घातल्या त्या जागी खोटं ठेवा. जोडी साधारण १८ दिवस किंवा थोडं अधिक उबवेल आणि सोडून देईल. जोड्यांपेक्षा घरटी जास्त ठेवा आणि तीही जमिनीलगत, कारण नर जागेवरून भांडतात आणि पळता न येणाऱ्याचं डोकं रक्तबंबाळ करतात. उडणारी दांडगी कबुतरं वेगळ्या भागातच बरी.

रोजची नजर

आजारी कबूतर शेवटपर्यंत आजार लपवतं. आठवड्याला वजन करून लिहून ठेवा. शीट गर्द हिरवी आणि पातळ झाली की बहुतेक वेळा त्याने खाणं सोडलेलं असतं.

शीट कोरडी झाडू नका. पाणी शिंपडा, मास्क लावा, मग खरवडा. त्या धुळीतून सिटॅकोसिससारखे (पक्ष्यांकडून होणारा फुप्फुसांचा संसर्ग) आजार माणसाला होतात, आणि वर्षानुवर्षं ती धूळ आत गेली तर फुप्फुसं कायमची दुखावतात. दमा किंवा कमी प्रतिकारशक्ती असलेल्यांनी हे काम करू नये.

पहिलं कबूतर आणण्याआधीच दोन गोष्टी कागदावर लिहा: तुमच्या ढाबळीत जास्तीत जास्त किती मावतील आणि तुम्हाला जमेनासं झालं तर त्यांना कोण सांभाळेल. त्या दुसऱ्या माणसाला आताच बोलावून दाणापाणी कसं करायचं ते दाखवून ठेवा. आकडा भरला की पुढच्या पाखरासाठी दुसरं घर शोधा.