पीटीईतला एका वाक्याचा सारांश: या चुका टाळा

परदेशात शिकायला जाण्यासाठी देतात त्या पीटीई अकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेतला 'समराइज रिटन टेक्स्ट' हा प्रश्न दिसायला अगदी गरीब. 300 शब्दांपर्यंतचा उतारा, 10 मिनिटं, आणि सारांश एकाच वाक्यात, 5 ते 75 शब्दांचा. तरी प्रत्येक बॅचला तेच रडगाणं.

माझ्याकडे एक मुलगी होती, इंग्रजी झकास. सरावाला शहरातल्या झाडांवरचा उतारा होता. तिनं लिहिलं: झाडांमुळे गारवा राहतो, पूर्णविराम. पण त्यांची देखभाल महाग पडते, पूर्णविराम. आशय अचूक, व्याकरण चोख, गुण शून्य. एकच वाक्य आणि शब्दमर्यादा पाळली का, हे बघणाऱ्या 'फॉर्म' या निकषात शून्य मिळालं की त्या उत्तराचे बाकीचे निकष तपासलेच जात नाहीत. "सर, एका टिंबासाठी?" म्हणून भांडली माझ्याशी. हो बाई, एका टिंबासाठी.

मग तिनं टिंब खोडलं, तिथे स्वल्पविराम दिला आणि पुढे 'हाउएव्हर' लिहिलं. आता फॉर्मचा गुण वाचला, तर व्याकरणात मार खाल्ला. 'हाउएव्हर'ला दोन वाक्यं जोडता येत नाहीत, त्याच्याआधी अर्धविराम लागतो. घाईत तो कुणाला आठवत नाही, म्हणून मी सुरुवातच 'ऑल्दो'नं करायला लावतो. 'ऑल्दो', गारव्याची गोष्ट, स्वल्पविराम, मग खर्चाची. उताऱ्याचा खरा रोख ज्यावर असेल ती गोष्ट स्वल्पविरामानंतर. तिसऱ्या खेपेला बाईसाहेबांनी 'ऑल्दो' लिहिलं आणि स्वल्पविरामानंतर 'बट'ही! आपल्या डोक्यात 'जरी-तरी'ची जोडी इतकी पक्की असते की 'जरी' आलं की हात 'तरी' लिहितोच. इंग्रजीत दोघांपैकी एकच.

दुसरा माझा नावडता प्रकार म्हणजे पाठ केलेले साचे. 'द पॅसेज डिस्कसेस द इम्पॉर्टन्स ऑफ' एवढं लिहून पुढे उताऱ्यातले चार शब्द डकवायचे. कुठल्याही उताऱ्याला चालणारं वाक्य या उताऱ्याबद्दल काय सांगणार? चार दिवसांत परीक्षा उरकायची असलेली मंडळी पहिल्याच तासाला टेम्प्लेट मागतात. मी देत नाही.

उताऱ्याचं पहिलं आणि शेवटचं वाक्य उचलून मध्ये 'अँड' ठोकणं हाही सारांश नव्हे. स्वतःचं मत घालू नका. उदाहरणं, आकडे, कंसातला मजकूर सोडून द्या. सगळं कॅपिटल अक्षरांत लिहिलंत तरी फॉर्म शून्यच. आणि 75 ही मर्यादा आहे, गाठायचं लक्ष्य नाही. मी स्वतः 40-45 शब्दांवर थांबतो, कारण वाक्य लांबलं की कर्ता एकवचनी आणि क्रियापद अनेकवचनी होऊन बसतं.

पहिली तीन मिनिटं मी कीबोर्डला हात लावू देत नाही. उतारा वाचायचा, प्रत्येक परिच्छेदाचे दोन-तीन शब्द पुसता येणाऱ्या पाटीवर टिपायचे, मग टाइप करायचं. शेवटच्या मिनिटात फक्त टिंबं मोजायची. एकच हवं, तेही शेवटी.