गावी जाऊन भरतीला हातभार लावताना : अमेरिकी सैनिकांसाठी मार्गदर्शन

नुकतेच प्रशिक्षण पूर्ण केलेल्या सैनिकाला काही दिवस त्याच्या गावी पाठवायचे आणि तेथील भरती केंद्रातल्या रिक्रूटरच्या हाताखाली कामाला लावायचे, अशी सोय अमेरिकेच्या सैन्यदलांत आहे. भूदलात तिला होमटाऊन रिक्रूटर असिस्टन्स प्रोग्रॅम किंवा थोडक्यात ‘एच-रॅप’ म्हणतात, हवाई दलात ‘रॅप’, नौदलात ‘हार्प’, तर मरीन सैनिक ‘आरए’ एवढ्यावरच भागवतात. या देशात १९७३ पासून सक्तीची भरती नाही, त्यामुळे दरवर्षी लागणारी हजारो माणसे समजावूनच आणावी लागतात. २०२२च्या आर्थिक वर्षात भूदलाचे उद्दिष्ट ६० हजारांचे होते आणि त्यात सुमारे १५ हजार जण कमी पडले. चाळिशीतल्या सार्जंटच्या माहितीपत्रकापेक्षा आपल्याच शाळेतून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या मुलाचे बोलणे विद्यार्थी अधिक लक्ष देऊन ऐकतात, या साध्या अनुभवावर ही सोय उभी आहे.

अर्ज करण्यापूर्वी हिशेब नीट समजून घ्यावा. भूदलात हे काम जास्तीत जास्त १४ दिवस आणि हवाई दलात १२ दिवस करता येते, आणि हे दिवस आपल्या रजेतून वजा होत नाहीत. सैनिकाला महिन्याला अडीच दिवस, म्हणजे वर्षाला ३० दिवस रजा मिळते; पाच महिन्यांचे प्रशिक्षण संपवून निघालेल्या नवख्याच्या खात्यात जेमतेम साडेबारा दिवस जमलेले असतात, आणि त्याला हे दोन आठवडे किती मोलाचे वाटतील ते सांगायला नको. मात्र पगार चालू राहत असला तरी प्रवासखर्च, दैनिक भत्ता किंवा राहण्याचे पैसे मिळत नाहीत. तिकीट स्वतः काढायचे, मुक्काम आईवडिलांकडे किंवा नातेवाइकांकडे करायचा आणि केंद्रात जाण्या-येण्याची व्यवस्थाही आपणच बघायची. ज्याचे घर केंद्रापासून दूर आहे आणि ज्याच्याकडे गाडी नाही, त्याने या गोष्टीचा आधी विचार करावा.

बहुतेक जण पहिली पायरी चुकवतात. ते आधी आपल्या सार्जंटकडे अर्ज घेऊन जातात आणि ‘तिकडच्या केंद्राने होकार दिला आहे का?’ या पहिल्याच प्रश्नाला अडखळतात. म्हणून सुरुवात गावच्या केंद्राला फोन करण्यापासून करावी. ज्याने आपली भरती केली तोच रिक्रूटर अजून तेथे असेल तर काम सोपे होते, पण तो बदलून गेला असला तरी केंद्रप्रमुखाशी बोलावे, तारखा पक्क्या कराव्यात आणि त्यांचा होकार ईमेलवर घ्यावा. त्यानंतर दलाच्या पद्धतीप्रमाणे अर्ज भरून तो आपल्या वरिष्ठांमार्फत कमांडरपर्यंत न्यावा. शेवटचा शब्द कमांडरचा असतो, आणि युनिट सरावाला निघणार असेल किंवा तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई चालू असेल, तर नकार ठरलेलाच आहे असे समजावे. वजन आणि शारीरिक चाचणीचे निकषही पूर्ण असावे लागतात, कारण गावात तुमच्याकडे पाहूनच लोक दलाविषयी मत बनवणार असतात.

तारखा निवडताना डिसेंबरचा मोह टाळावा, असे माझे मत आहे. नाताळात घरी जायचे सर्वांनाच असते, पण तेव्हा शाळा बंद असतात आणि शाळा बंद असताना रिक्रूटरला तुमचा फारसा उपयोग नसतो. तुम्ही केंद्रात बसून फोनच्या याद्या तपासत राहता. सप्टेंबर-ऑक्टोबरात किंवा वसंत ऋतूत गेलात, तर वर्गात बोलण्याची आणि जेवणाच्या सुट्टीत टेबलापाशी उभे राहण्याची संधी मिळते.

पहिल्या दिवशी स्वच्छ गणवेशात आणि आदेशाची प्रत घेऊन वेळेवर हजर व्हावे. घरी असलात तरी तुम्ही कामावर आहात आणि ते दिवस संपेपर्यंत रिक्रूटरच तुमचा वरिष्ठ आहे. भरतीसाठी आलेल्या मुलामुलींशी कसे वागायचे याचे नियम तो आरंभीच समजावून देतो, आणि ते वरवर ऐकण्यासारखे नाहीत: त्यांच्याशी प्रेमसंबंध नाहीत, त्यांच्यासोबत मद्यपान नाही, पैशांची देवाणघेवाण नाही, खासगी मेजवान्या नाहीत. यांतली अनेक मुले सतरा वर्षांची असतात आणि पालकांच्या संमतीशिवाय त्यांना भरती होता येत नाही. शाळेतला जुना मित्र किंवा मैत्रीणच इच्छुक म्हणून समोर आली, तर ओळख लपवू नये. रिक्रूटरला ताबडतोब सांगावे.

खरे कसब बोलण्यात आहे. तुम्हाला विकायला पाठवलेले नाही. जे तुम्ही स्वतः पाहिले तेवढेच सांगायला पाठवले आहे. पहाटे किती वाजता उठवतात, फोन कधी मिळतो, पहिल्या आठवड्यात किती जण रडतात, जेवायला किती मिनिटे असतात, पहिल्या पगाराचे काय केले, या प्रश्नांची उत्तरे तुमच्याइतकी ताजी कोणाकडेच नसतात. बोनस किती, कोणते काम मिळेल, कोठे नेमणूक होईल, या प्रश्नांना मात्र ‘ते करारात लिहिलेले असेल तेच खरे, आपण सार्जंटना विचारू’ हेच उत्तर द्यावे. चार वर्षांचा करार केला की चार वर्षांत सगळे संपते, असा एक सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात पहिल्या भरतीचे एकूण बंधन आठ वर्षांचे असते आणि सक्रिय सेवेनंतरचा काळ राखीव यादीत मोजला जातो. हे मुलाच्या आईने विचारण्याआधी तुम्ही सांगितलेत, तर तुमच्या पुढच्या शब्दावर तिचा विश्वास बसतो.

समजा एखादा मुलगा टेबलापाशी रेंगाळतो, मित्र पुढे गेल्यावर हळूच म्हणतो, ‘मला लहानपणी दमा होता, तो फॉर्मवर लिहावाच लागतो का?’ येथे ‘लिहू नकोस, चालून जाते’ असे उत्तर कधीही देऊ नये. २०२२ पासून वैद्यकीय तपासणी केंद्रांत इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदी पाहिल्या जातात, त्यामुळे जुनी औषधेही उघडकीस येतात. आणि खोटी माहिती देऊन भरती होणे हा लष्करी कायद्यात गुन्हा आहे. ‘अपात्र ठरशील’ असेही म्हणू नये, कारण तो निर्णय तुमचा नाही आणि काही बाबतीत सूट मिळू शकते. त्याला रिक्रूटरकडे न्यावे आणि खरे तेच सांगण्याचा सल्ला द्यावा.

पैशांविषयी एक गोष्ट स्पष्ट असावी. या कामात माणसामागे रोख रक्कम मिळत नाही. नॅशनल गार्डने, म्हणजे राज्याराज्यांतल्या राखीव सैन्याने, २००५ मध्ये असा प्रयोग केला होता, एका भरतीमागे दोन हजार डॉलर. त्यातून खोट्या दाव्यांची प्रकरणे इतकी निघाली की २०१२ मध्ये योजना बंद झाली आणि २०१४ मध्ये सिनेटमध्ये तिची जाहीर झाडाझडती झाली. तेव्हा कोणी ‘माझे नाव टाक, अर्धे तुझे’ असे सुचवले, तर तेथून उठून जावे. भूदलाने जानेवारी २०२३ मध्ये ओळखीच्या इच्छुकाचे नाव सुचवणाऱ्या सैनिकाला रोख रकमेऐवजी रिबन (गणवेशावर लावायची सन्मानपट्टी) आणि कनिष्ठ सैनिकांना बढतीची संधी देणारी योजना सुरू केली, ती याहून वेगळी आहे.

रोज संध्याकाळी कोणत्या शाळेत गेलो, कोणाशी बोललो, कोणी पुन्हा भेटायचे कबूल केले, याची टिपणे ठेवावीत आणि ती जाण्यापूर्वी रिक्रूटरच्या हाती द्यावीत. नावे-पत्ते स्वतःच्या फोनमध्ये साठवून नेऊ नयेत. शेवटच्या दिवशी काम पूर्ण केल्याच्या कागदावर त्याची सही घ्यावी आणि प्रत जवळ ठेवावी. युनिटमध्ये परतल्यावर पुढच्या महिन्याचे पगारपत्रक उघडून रजेचा रकाना तपासावा. हे दिवस चुकून साध्या रजेत टाकले गेले असतील, तर तीच सही केलेली प्रत घेऊन युनिटच्या आस्थापना शाखेत जावे आणि दुरुस्तीची नोंद होईपर्यंत पाठपुरावा करावा.