लेबर केस लागायच्या आधी कपाटात काय असायला हवं

परवा भोसरीतल्या एका मित्राचा फोन आला, आवाजच गेलेला. वर्कशॉपमध्ये चौदा माणसं, त्यातला एक वेल्डर दिवाळीला गावी गेला तो परत आलाच नाही, याने दोन महिने वाट बघून मस्टरवरनं नाव कापलं आणि दुसरा माणूस घेतला, आता लेबर ऑफिसची नोटीस आलीये की मला तोंडी काढून टाकलं, कामावर घ्या आणि मागचा पगार द्या. मित्राचं एकच पालुपद, अरे तो स्वतःच पळाला, मी कुठे काढलं? म्हटलं, पळाला याचा कागद दाखव. फोनवर गप्प.

मी वकील नाही, पण छोट्या कारखान्यांचं पगारपत्रक आणि लेबर ऑफिसच्या तारखा यातच आयुष्य गेलं, आणि आजवर बघितलंय ते असं की मालक बहुतेक वेळा केस हरतात ते माणूस जायच्या आधीच, कपाटात कागद नसतो म्हणून.

तर पळालेल्या माणसापासूनच सुरुवात करू, कारण शंभरातली निम्मी भांडणं मला तरी हीच दिसतात. माणूस न सांगता गैरहजर राहिला म्हणजे नोकरी आपोआप संपली असं होत नाही. सुप्रीम कोर्टाने १९९३ साली डी. के. यादव प्रकरणात हेच सांगितलं, तिथे तर कंपनीच्या स्थायी आदेशातच, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांतच, लिहिलेलं होतं की आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर तर नाव गेलं, तरी म्हणाले आधी त्याचं म्हणणं ऐका. म्हणून आठवडाभर आला नाही की पहिलं पत्र, ‘रुजू व्हा नाहीतर कारण कळवा’, इथल्या खोलीच्या पत्त्यावर आणि गावच्या पत्त्यावरही, मग दुसरं, मग तिसरं. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच गेलंय, त्यामुळे स्पीड पोस्टाची पावती, ट्रॅकिंगची प्रिंट आणि परत आलं तर तो लिफाफा न फोडता तसाच फाईलला. व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका, पण फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर भागवू नका. एवढं करूनही आला नाही तर चार्जशीट, म्हणजे आरोप लिहून दिलेलं पत्र, आणि चौकशी, नाव कापणं सगळ्यात शेवटी.

मुळातली फाईल कंटाळवाणी आहे पण ती असू द्या, नेमणूकपत्र (नवीन लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेत, आता ते सगळ्यांनाच द्यावं लागतं), सही असलेलं मस्टर, पगाराची स्लिप, पगार बँकेतून, पीएफ-ईएसआयची चलनं. माणसाने सलग वर्षभर काम केलं का हे ठरवायला कोर्टात २४० दिवसांचा हिशोब निघतो, त्यात पगारी सुट्ट्या आणि रविवारही धरतात, आणि मस्टर तुमच्याकडे असून तुम्ही ते दाखवत नाही म्हटल्यावर कोर्टाला काय वाटेल ते सांगायला नको. आणि कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवायची जुनी आयडिया कुणी दिली तर त्याला चहा पाजून घरी पाठवा, तो कागद तुमच्यावरच उलटतो.

आता गैरवर्तन. मारामारी, चोरी, दारू पिऊन मशीनवर येणं, काहीही असो, त्या दिवशी रागात ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणायचं नाही, फार तर सस्पेंड करा. सस्पेंड केलं की पहिले ९० दिवस निम्मा पगार, पुढे उशीर त्याच्यामुळे नसेल तर पंचाहत्तर टक्के, आणि चौकशी साधारण ९० दिवसांतच आटपायची. चार्जशीटमध्ये ‘उद्धट वागला’ एवढंच लिहून चालत नाही, तारीख, वेळ, कुठलं मशीन, समोर कोण होतं, शब्द काय वापरले ते त्याच शब्दांत, आणि त्याला समजेल त्या भाषेत, बिहारच्या पोराला इंग्रजी चार्जशीट देऊन काय मिळणार. ज्याच्याशी भांडण झालं तोच एन्क्वायरी ऑफिसर नको, बाहेरचा माणूस बसवा. कामगाराला सहकारी घेऊन येऊ द्या, तुमच्या साक्षीदाराची उलटतपासणी करू द्या, रोजच्या प्रोसिडिंगवर सगळ्यांच्या सह्या आणि एक प्रत त्याला. फाइंडिंग्ज, म्हणजे चौकशीचा निष्कर्ष, आल्या की त्याची प्रत देऊन परत शोकॉज, म्हणजे कारणे दाखवा नोटीस, मागचं रेकॉर्ड शिक्षेत धरणार असाल तर त्याच नोटिशीत तसं लिहा. सीसीटीव्हीचं फुटेज त्याच दिवशी काढून ठेवा, त्याचा रेकॉर्डर पंधरा-वीस दिवसांत जुन्यावरच नवं लिहितो, आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, डिजिटल पुराव्यासाठी लागणारं सर्टिफिकेट जोडा नाहीतर पेन ड्राइव्ह नुसता शोभेचा.

चौकशी केलीच नसेल किंवा कच्ची राहिली असेल तर सगळं संपलं असं नाही, पण लेखी कैफियतीत, म्हणजे कोर्टात दिलेल्या तुमच्या उत्तरात, एक वाक्य हवंच, की चौकशी सदोष ठरली तर कोर्टासमोर पुरावा द्यायची परवानगी द्यावी. २००१ च्या लक्ष्मीदेवम्मा निकालापासून हे वाक्य सुरुवातीलाच मागावं लागतं, तेव्हा वकिलाला भीडभाड न ठेवता विचारा, घातलंय का?

काम नाही म्हणून माणूस कमी करायचा असेल तर हिशोब वेगळा. वर्षभर काम केलेल्याला एक महिन्याची नोटीस किंवा त्याचा पगार, शिवाय पूर्ण झालेल्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, शेवटी आलेला आधी जाणार. बाकीचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा, ‘पुढच्या दहा तारखेला ये’ चालत नाही. काढताय स्वतः आणि लिहून घेताय राजीनामा, हे करू नका.

सुपरवायझर म्हणून कार्ड दिलं की तो कामगार राहत नाही हाही एक गोड गैरसमज, कोर्ट बघतं तो दिवसभर खरं काय करतो, स्वतः लेथ चालवतो का दुसऱ्याच्या रजा मंजूर करतो. दहा माणसं झाली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती, बाहेरच्या सदस्यासकट, आणि बाळंतपणाच्या रजेवरच्या बाईला काढायचा विचारही नको. ठेकेदाराची माणसं असतील तर दर महिन्याला त्याचं पीएफ चलन मागा, तो बुडाला की वसुली तुमच्याकडे.

नोटीस आलीच तर तारीख चुकवू नका. तडजोड करायची तर लेबर ऑफिसरसमोर करा, रकमेची फोड लिहून, पैसे बँकेतून, स्टॅम्प पेपरवरचं आपापसातलं नंतर नाकारलं जातं. माणूस परत घ्यायची तयारी असेल तर पहिल्याच तारखेला लेखी द्या, मागच्या पगाराचं मीटर तिथंच मंदावतं.

मित्राला म्हटलं जुनं व्हॉट्सअ‍ॅप शोध. रात्री त्याने एक व्हॉइस मेसेज पाठवला, वेल्डरचाच, नोव्हेंबरातला, ‘शेठ, आईचं ऑपरेशन आहे, अजून पंधरा दिवस लागतील.’ खाली मित्राने टाकलेला अंगठ्याचा इमोजी. म्हणजे पळाला नव्हताच तो. मंगळवारी तारीख आहे, सांगितलंय मस्टर घेऊन जा आणि लेटरहेडवर रुजू करून घ्यायचं पत्र, सहीशिक्क्यासकट.