लाळेचे काम प्रत्यक्ष कसे पाहावे
पचन तोंडातच सुरू होते, हे पाहण्यासाठी मावळातून पुण्याच्या बाजारात येणाऱ्या इंद्रायणी तांदळाची पातळ पेज गाळून, कोमट झाल्यावर दोन वाट्यांत थोडी थोडी घ्यावी. एकीत चमचाभर लाळ मिसळून दोन्ही वाट्या सुमारे 20 मिनिटे तशाच ठेवाव्यात. लाळेतील अमायलेज हे स्टार्च (पिष्ट) फोडणारे विकर (एन्झाइम) 37 अंश सेल्सिअसच्या आसपास उत्तम काम करते आणि उकळत्या पेजेत निकामी होते, म्हणून येथे घाई करू नये. मग पाण्यात पातळ केलेल्या टिंक्चर आयोडिनचा एकेक थेंब टाकावा. साधी पेज तिच्यातील स्टार्चमुळे गडद निळी होते. लाळेची मात्र फिकट तपकिरी राहते, कारण तिच्यातील बराचसा स्टार्च फुटून माल्टोज ही साखर झालेली असते. (या वाट्या पुन्हा जेवणात घेऊ नयेत.) गाईच्या लाळेत हे विकर जवळजवळ नसतेच, तिचा चारा पोटाच्या पहिल्या कप्प्यातील सूक्ष्मजीव आंबवतात.