पीसी घरी जोडताय? बेळगाव भागात या चुका टाळा

पार्ट आणले, रात्री बसून सगळं जोडलं, बटण दाबलं. पंखे फिरले, लाइटी लागल्या, पण स्क्रीन काळी ती काळीच. मग दुसऱ्या दिवशी मदरबोर्ड पिशवीत घालून खानापूरहून नाहीतर निपाणीहून बेळगावची बस धरायची. दुकानात तोच बोर्ड टेबलावर झटक्यात चालू होतो आणि हेलपाटा फुकट जातो. घरी जोडलेल्या पीसीच्या बहुतेक तक्रारी घरातल्या विजेमुळे किंवा अर्धवट बसलेल्या एखाद्या पिनेमुळे असतात. पार्ट खराब निघणं त्या मानानं कमी.

सुरुवात अर्थिंगपासून करा. कॅबिनेटच्या मागच्या उघड्या पत्र्याला बोट लागलं की झिणझिण्या येतात का? अनेक घरांत येतात, आणि लोक पायात चप्पल घालून वेळ मारून नेतात. एसएमपीएसमध्ये, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यात, वीज शिरते तिथेच दोन लहान कॅपॅसिटर असतात, एक फेजपासून बॉडीला आणि दुसरा न्यूट्रलपासून बॉडीला. अर्थिंग असेल तर त्यांची किरकोळ गळती जमिनीत जाते. नसेल तर 230 च्या निम्मे, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास बॉडीवर उभे राहतात. करंट फार थोडा असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. पण चालू पीसीला एचडीएमआय केबल लावताना हेच व्होल्टेज पोर्टमधून वाट काढतं आणि टीव्हीचा किंवा ग्राफिक्स कार्डचा पोर्ट जाऊ शकतो.

जुन्या घरांत सॉकेट तीन पिनांचा दिसतो, पण वरच्या भोकामागे कधी कधी वायरच नसते. साध्या टेस्टरनं हे कळत नाही. वायरमनला मल्टिमीटर आणायला सांगा. फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. तिथे अगदी शून्य आलं तर सॉकेट उघडून बघायला लावा. न्यूट्रलचाच तुकडा अर्थच्या पिनेला जोडून दिलेला असू शकतो, आणि पुढे कधी न्यूट्रल तुटली तर पूर्ण 230 व्होल्ट कॅबिनेटवर येतील. हे जीवावरचं काम आहे, ते तसंच चालू देऊ नका. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी घालत जा.

दुसरी चूक इन्व्हर्टरची. लाइट गेली की घरातले दिवे लुकलुकून पुन्हा लागतात, पीसी मात्र रीस्टार्ट होतो, आणि दोष एसएमपीएसवर जातो. चांगला एसएमपीएस पूर्ण लोडवर विजेशिवाय साधारण 16 मिलिसेकंदच तग धरतो. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे किंवा सेटिंगमध्ये ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असे दोन मोड असतात. नॉर्मलवर बदली सावकाश होते, म्हणून पीसी असलेल्या घरात तो यूपीएस मोडवरच हवा. एसएमपीएस घेताना कॅबिनेटसोबत फुकट आलेल्यावर भागवू नका. पैसे वाचवायचेच असतील तर रंगीत लाइटींवर वाचवा.

एप्रिल-मे महिन्यांत वळीव कडाडायला लागला की प्लग काढतोच आपण, पण लॅनची, म्हणजे इंटरनेटची केबल तशीच राहते. विजेचा झटका तिच्यातूनही मदरबोर्डपर्यंत पोचतो. तीही काढा.

आता प्रत्यक्ष जोडणी. काळ्या स्क्रीनचं सगळ्यात साधं कारण म्हणजे ग्राफिक्स कार्ड असूनही मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली असणं. कोअर आय5-12400एफ किंवा रायझन 5 5600 सारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतातच, त्यामुळे तो पोर्ट मुका राहतो. कार्ड घेणार नसाल तर 12400 किंवा 5600जी घ्या. दुसरं कारण म्हणजे प्रोसेसरजवळची आठ पिनांची पॉवर केबल विसरणं. पंखे तिच्याविनाही फिरतात, म्हणून संशय येत नाही.

रॅमच्या दोन पट्ट्या असतील आणि स्लॉट चार, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा. ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबा. रॅम डीडीआर5 या नव्या प्रकारची असेल तर पहिल्या वेळी काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते, कारण बोर्ड रॅमची जुळवणी करत असतो. घाबरून मधेच बंद केलंत तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची पट्टी काढलीय ना, तेही बघा.

बोर्ड जुना आणि प्रोसेसर नवा असेल तर बायोसचा, म्हणजे बोर्डमधल्या मूळ सॉफ्टवेअरचा प्रश्न येतो. बी660 बोर्ड इंटेलचा बाराव्या पिढीचा प्रोसेसर लगेच ओळखतो, चौदाव्यासाठी मात्र बायोस अपडेट झालेला लागतो. हे दुकानातच विचारून घ्या, जमलं तर तिथेच करून घ्या.

एवढं बघूनही चालू होत नसेल तर सगळं काढा. मदरबोर्ड त्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवा, त्यावर प्रोसेसर, कूलर, रॅमची एकच पट्टी आणि पॉवरच्या दोन केबल. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतील तरच कार्ड. पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरनं क्षणभर जुळवा. डिस्प्ले आला तर दोष कॅबिनेटमध्ये आहे, बहुधा बोर्डखाली चुकीच्या जागी राहिलेला स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड टेकवायचा पितळी खुंट, बोर्डला शॉर्ट करतोय. नाही आला तर पट्टी बदला, स्लॉट बदला. मग वीज बंद करून बोर्डवरचा गोल सेल पाच मिनिटं काढून ठेवा आणि परत लावा, म्हणजे बायोसची सेटिंग मूळ जागी येतात. इतकं करून मग दुकान गाठलंत तर दुकानदारही तुमचं नीट ऐकून घेतो.

स्वस्तात जुना पीसी घेऊन त्यात भर घालायचा बेत असेल तर इंटेलची किमान आठवी पिढी बघा. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 त्याहून जुन्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही.

शहापूर-वडगावात मागाजवळच्या घरांत सुताचा कोंडा कूलरच्या पात्यांत नमद्यासारखा बसतो, आणि पीसी तापून आपोआप बंद होतो. तिथे कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका आणि महिन्यातून एकदा ब्रश फिरवा. कंकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात उलट गोष्ट महत्त्वाची: पीसी महिनाभर बंद ठेवू नका, रोज अर्धा तास तरी चालवा, ऊब मिळाली की ओल धरत नाही.

विंडोज टाकून झालं की भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी आणि कन्नड दोन्हींचे फोनेटिक कीबोर्ड एकदमच घालून ठेवा. ते विंडोजमध्येच आहेत, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोज की आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते, आणि पोरांचा कन्नडचा प्रोजेक्ट आणि मंडळाची मराठी पत्रिका एकाच मशीनवर निघते.